शिफारस : काही घालू नये

माती तपासायच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला लोक आदराने विचारतात, की तुम्ही तर मातीतले जाणकार. चाळणदादांना असं कुणी विचारलं की ते हसून म्हणत, "मला चाळणीच्या वर राहिलेलं तेवढं कळतं. खाली पडलेलं बाईंना." आणि ते खोटं नव्हतं. पिशव्यांतून माती यायची. दादा ती सावलीत जुन्या वर्तमानपत्रांवर पसरायचे, सुकली की लाकडी हातोडीने हलक्या हाताने फोडायचे आणि दोन मिलिमीटर भोकांच्या पितळी चाळणीतून गाळायचे. खडे, मुळं, एखादा गोगलगाईचा शंख वर राहायचा. खाली उतरलेली मऊ माती डबीत भरून, चिठ्ठी चिकटवून ते आतल्या खोलीत नेऊन ठेवायचे. आतल्या खोलीत माती तपासणाऱ्या बाई. पांढरा कोट बाईंचा, काचेच्या नळ्या बाईंच्या आणि अहवालाखालची सहीही बाईंची. दादांची सही हजेरीपटाखेरीज कुठे उमटली नाही, आणि त्याचं त्यांना वाईट वाटल्याचं कुणाला दिसलं नाही.

'चाळणदादा' हे नाव एका साहेबाने ठेवलं होतं. साहेब बदलून गेला, नाव राहिलं. बायकोच्या कानावर ते गेलं तेव्हा ती म्हणाली, की नाव अगदी बरोबर ठेवलंय, यांना सांगितलेली एकही गोष्ट आत राहत नाही.

एका बाबतीत मात्र दादांचा शब्द बाईसुद्धा मानत. ती बाब म्हणजे नमुना घेणं. लोक दारातली मूठभर माती उचलून आणत आणि साऱ्या बागेचा हिशोब मागत. दादा ती पिशवी परत करत आणि त्या माणसाला अंगणात नेऊन शिकवत: वरचा पालापाचोळा बाजूला सारा, वीतभर खोल खड्डा करा, त्याच्या कडेची एकसारखी चकती कापून घ्या, आणि असं एका जागी नाही, नागमोडी चालत आठ-दहा जागी करा. सगळं घमेल्यात मिसळा. माणसाच्या अंगात ताप आहे का हे बघायला आपण त्याच्या कपाळाला हात लावतो, जमिनीचं कपाळ सापडत नाही, म्हणून सगळीकडे हात लावावा लागतो, असं ते सांगत. पटायचं लोकांना.

निवृत्त झाल्यावर दादा दर रविवारी सकाळी बहिणीकडे जाऊ लागले.

ताई त्यांच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा दादा सहा वर्षांचे होते आणि ताई अठराची. तिने शिवणयंत्रावर बसून घर चालवलं, धाकट्या भावाला शाळेत धाडलं, त्याचे डबे भरले, त्याच्या चड्ड्या जुन्या पडद्यांतून बेतल्या. लग्नही उशिरा केलं, भाऊ हाताशी आल्यावर. त्यामुळे दादा साठीच्या घरात आले, केस पिकले, गुडघे कुरकुरू लागले, तरी ताईच्या लेखी ते 'बाळ'च. पाहुण्यांसमोर ती हाक मारायची, "बाळ, स्वेटर घाल," आणि टक्कल पडलेला तो गृहस्थ उठून मुकाट्याने स्वेटर घालायचा.

ताईचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत खिडकीशी शिवणयंत्र, मागच्या खोलीत स्वयंपाक, आणि मागचं दार उघडलं की बाग. बाग म्हणजे काही मोठा पसारा नव्हता, एखाद्या शाळेच्या वर्गाएवढी जागा. पण भावोजींनी, म्हणजे ताईच्या यजमानांनी, ती बोटाबोटाने जमवली होती. भावोजी घड्याळं दुरुस्त करत. दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसायचे आणि संध्याकाळी बागेत यायचे. अकरा गुलाब, मधोमध एक लिंबाचं झाड, भिंतीच्या कडेने टोमॅटो आणि वांगी. ताईला ते बागेला हात लावू देत नसत. चिडवायचे तिला, की तुझ्या हाताला धाग्याची सवय, तू देठ दिसला की कापशील. ती मागच्या दारच्या ओट्यावरून बघायची. तिला त्यात कमीपणा वाटत नसे. त्यांचं ते, आपलं हे, अशी त्या घराची वाटणीच होती.

भावोजी गेले आणि बाग ताईच्या अंगावर पडली.

दोन वर्षं तिने जे केलं ते पाहून कुणीही तिला नावं ठेवली नसती. पहाटे उठून पाणी, दुपारी निंदणी, संध्याकाळी पुन्हा पाणी. पण झाडं काही खुलेनात. मग तिने विचारायला सुरुवात केली, आणि सल्ला म्हटला की माणसं दार वाजवून देऊन जातात. शेजारणीने सांगितलं, अंड्याची टरफलं कुटून घाल. कोपऱ्यावरचा बेकरीवाला भट्टीतली राख बादली भरभरून पाठवू लागला. रोपवाटिकेतल्या माणसाने निळे दाणे दिले. ते घालूनही गुलाब रुसलेलेच दिसले तेव्हा पांढरे दिले, आणि नंतर एक काळी बाटली. ती उघडली की दोन घरं पलीकडे वास जाई. दूधवाली म्हणाली, पातेलं विसळलेलं पाणी घाल. कुणी हाडांचा चुरा सांगितला, कुणी चहाचा चोथा. कुणीही 'घालू नका' म्हणालं नाही. ताईने सगळं ऐकलं. जे जे सांगितलं ते ते घातलं, आणि थोडं जास्तच, कारण हात आखडता घेणं तिला आयुष्यात कधी जमलं नव्हतं.

या सगळ्यात तिने एका माणसाला तेवढं विचारलं नाही. तो माणूस दर रविवारी तिच्या ओट्यावर बसून चहा पीत होता.

दादांना दिसत होतं. मातीवर पांढुरकी पापडी धरलेली, पानांची टोकं जळल्यासारखी, लिंबाची नवी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या. पण विचारल्याशिवाय बोलायची त्यांना सवय नव्हती. एकतीस वर्षं निकाल आतल्या खोलीतून बाहेर आला होता. आणि ताईला काही शिकवायचं म्हणजे जिने आपल्याला बुटाची नाडी बांधायला शिकवलं तिलाच नाडी कशी बांधावी ते सांगण्यासारखं होतं. त्यांची जीभ उचलत नव्हती.

एका रविवारी ते आले तेव्हा ताई लिंबाखाली उभी होती. झाडाने रातोरात निम्मी पानं टाकली होती. ती वाकून एकेक पान वेचत होती आणि ओच्यात ठेवत होती, जणू परत लावायची आहेत. दादा जवळ गेले तेव्हा तिने वर न बघता विचारलं,

"बाळ, तू तिथे मातीचंच बघायचास ना रे?"

"हो, ताई."

"मग माझी बघ ना."

एकतीस वर्षांत तिने त्यांच्या कामाबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न होता. दादांना हसू आलं. त्यांनी बाह्या दुमडल्या.

त्या सकाळी ताईने आपल्या भावाला पहिल्यांदा कामावर पाहिलं. दादांनी भावोजींची खुरपी घेतली, घमेलं धुऊन पुसून कोरडं केलं, आणि बागेच्या एका कोपऱ्यापासून चालू लागले. दर जागी पापडी हलकेच सारायची, खड्डा करायचा, कडेची चकती कापायची. हात असा चालत होता की घाई नाही आणि थांबणंही नाही. नऊ जागची माती झाली. त्यांनी ती कापडावर ओतली, मुठीने फोडून मिसळली, भाकरीसारखी गोल पसरली आणि बोटाने वर अधिक चिन्ह काढलं. समोरासमोरचे दोन भाग बाजूला टाकले, उरलेले पुन्हा मिसळून पुन्हा गोल केले, पुन्हा चिन्ह, पुन्हा दोन भाग बाद. अर्ध्या किलोवर येईपर्यंत.

ताई ओट्यावर बसून बघत होती. ती म्हणाली, "बेतल्यासारखं करतोस की."

"तुझ्याकडूनच आलं असेल," दादा म्हणाले.

तिने आत जाऊन उरलेल्या कापडाची एक पिशवी शिवून आणली, नाडीसकट. दादांनी तिच्यात माती भरली आणि चिठ्ठी लिहिली. नमुना कुणाचा, या ओळीपुढे त्यांनी 'ताई' असं लिहिलं. मग ते खोडून तिचं रीतसर नाव लिहिलं.

माती चार दिवस त्यांच्या घरी पलंगाखाली वर्तमानपत्रावर सुकली. बायकोने कपाळाला हात लावला, की माणूस निवृत्त झाला तरी माती काही निवृत्त होत नाही. पाचव्या दिवशी ते प्रयोगशाळेत गेले आणि बाहेरून येणाऱ्या लोकांसाठी ठेवलेल्या बाकावर बसले. त्या बाकावर ते आयुष्यात पहिल्यांदाच बसत होते. तो एका बाजूने डुगडुगतो हे त्यांना तोवर माहीत नव्हतं.

आठवडाभराने बाईंनी त्यांना आत बोलावलं. बाईंचेही केस आता पांढरे झाले होते. त्यांनी कागद पुढे केला. सामू साडेआठाला टेकलेला, म्हणजे माती भलतीच अल्कधर्मी झालेली. क्षार असायला हवेत त्याच्या तिप्पट. स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, इतकं, की बाईंनी खात्री करायला दोनदा तपासलं होतं.

"कुणाची बाग आहे, दादा?"

"बहिणीची."

बाईंनी चष्मा काढला. "ही माती उपाशी नाहीये. हिला जेवण जास्त झालंय. लोखंड आहे मातीत, पण या गर्दीत झाडाला ते उचलता येत नाही, म्हणून पानं पिवळी. आणि पान पिवळं दिसलं की माणूस आणखी घालतो." त्या जरा थांबल्या. "फार जीव लावलाय हो त्यांनी हिला."

शिफारशीच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं: दोन वर्षं कोणतंही खत, राख वा कुजलेलं काही घालू नये. भरपूर पाणी देऊन क्षार खाली जाऊ द्यावेत.

दादा कागद खिशात घालून निघाले ते ताईकडे गेले नाहीत. रस्त्यातल्या एका कट्ट्यावर बसून राहिले. त्यांना भावोजींचे शेवटचे तीन महिने आठवत होते. भावोजींचं अन्न तुटलं होतं. घास घशाखाली उतरत नव्हता, आणि ताई वाटी-चमचा घेऊन उशाशी बसलेली. पातळ पेज, गाळलेलं सूप, कुस्करलेलं फळ. भावोजी मान फिरवायचे, ती पलंगाला वळसा घालून दुसऱ्या बाजूला जाऊन बसायची. शेवटी डॉक्टरांनी तिला दाराबाहेर नेऊन सांगितलं होतं, की आता आग्रह करू नका, त्यांना त्रास होतो. दादा तेव्हा तिथेच उभे होते. ताईने मान डोलावली, वाटी धुतली, पालथी घातली, आणि नंतर भिंतीकडे तोंड करून बराच वेळ उभी राहिली. तिचं ते पाठमोरं उभं राहणं दादा विसरले नव्हते.

आता त्याच ताईला जाऊन सांगायचं, की तू काही घालू नकोस. दादांच्याने ते होईना. सांगायचं कामच त्यांनी कधी केलं नव्हतं, आणि सुरुवात करायची ती ताईपासून?

म्हणून त्यांनी एक उद्योग केला. घराजवळ बांधकाम चाललं होतं. तिथली डबाभर वाळू मागून आणली, सात पाण्यांनी धुतली, उन्हात वाळवली आणि जुन्या सवयीने बारीक चाळणीतून गाळली. ती बिस्किटाच्या एका पत्र्याच्या डब्यात भरली. रविवारी डबा ताईच्या हातात देऊन ते म्हणाले, की हे प्रयोगशाळेतलं औषध आहे. आठवड्यातून एकदा, दर झाडाला एक चमचा, त्याहून दाणाही जास्त नाही. आणि घातल्यावर भरपूर पाणी, माती पिऊन पिऊन थकेपर्यंत. बाकी कशाला हात लावायचा नाही, नाहीतर औषध लागू पडत नाही.

अहवालाचं तिने विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, की तो यायचाय. बोलताना ते लिंबाकडे बघत होते.

ताईने डबा घेतला. तीन आठवडे ती सांगितल्याप्रमाणे वागली. बेकरीवाल्याची बादली परत गेली, टरफलांची बरणी रिकामी राहिली. पाणी मात्र तिने असं दिलं, की भिंतीपलीकडच्या शेजारणीने तळं बांधताय का म्हणून विचारलं. दादांना वाटलं, साधलं. रात्री अंथरुणावर पडल्यावर ते स्वतःवर जरा खूषही झाले. बायकोला त्यांनी सगळं सांगून टाकलं होतं. ती एवढंच म्हणाली, की तुमच्या ताईने आयुष्यभर बोटांनी कापड ओळखलंय, हे तुमच्या लक्षात आहे ना.

चौथ्या रविवारी ते गेले तेव्हा शिवणयंत्रावर पत्र्याचा डबा ठेवलेला होता, झाकण उघडं. ताई यंत्राच्या स्टुलावर बसली होती. समोरची खुर्ची तिने आधीच ओढून ठेवली होती.

"बाळ, बस."

दादा बसले. तिने डब्यातली चिमूट घेतली, अंगठा आणि बोट यांच्यात चोळली आणि परत सोडली.

"ही वाळू आहे."

दादांनी मान खाली घातली. सहावीत परीक्षेचा निकाल दप्तरात दडवला होता तेव्हा याच खोलीएवढ्या खोलीत, अशाच आवाजात, तिने त्यांना बसवलं होतं. त्यांनी खिशातून कागद काढला. घडी चार आठवडे खिशात राहून मऊ पडली होती.

"वाच," ताई म्हणाली. "मला चष्म्याशिवाय दिसत नाही."

चष्मा तिच्या केसांवर होता. दादांनी वाचलं. आकडे वाचले, त्यांचा अर्थ सांगितला, आणि शेवटी शिफारस वाचली. ती ऐकताना ताईचा चेहरा हलला नाही. बाहेर नळाचं पाणी बादलीत पडत होतं, त्याचा आवाज तेवढा येत राहिला.

मग ती बोलू लागली. तिने सांगितलं, की शेवटच्या दिवसांत डॉक्टरांनी तिच्याकडे एक बाटली दिली होती. लाल रंगाचं टॉनिक. दिवसातून दोनदा, अर्धा चमचा, ओठांना लावल्यासारखं द्या, म्हणाले होते. ती ते मोजून मोजून द्यायची. एक दिवस तिने स्वतः चाखून पाहिलं. साखरेचं पाणी होतं, थोडा रंग घातलेलं.

"मला तेव्हाच कळलं," ती म्हणाली. "ते औषध यांच्यासाठी नव्हतं रे. माझ्यासाठी होतं. माझ्या हातांना काहीतरी हवं होतं."

"तू काही बोलली नाहीस कधी."

"कुणाशी बोलणार? देत राहिले. आठ दिवस आणखी दिलं."

दादांनी विचारलं, तुला राग नाही आला?

"डॉक्टरांचा नाही आला. ते परके, त्यांना माझी दया आली, त्यांनी केलं ते केलं. तुझा आला." तिने डब्याचं झाकण लावलं. "तू परका नाहीस, बाळ. तू मला खरं सांगायचंस. माझ्या भोवती खरं सांगणारं आता राहिलंय कोण?"

मग तिने, यंत्राच्या चाकावर हात ठेवून, त्याला पुढे-मागे करत, हलक्या आवाजात विचारलं,

"मी भरवून भरवून मारलं का रे?"

ती बागेचं विचारत होती की भावोजींचं, ते तिने स्पष्ट केलं नाही. दादांनी दोन्ही उत्तरं दिली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी निकाल सांगितला, आणि आवाज चाचरू दिला नाही.

"भावोजी दुखण्याने गेले, ताई. तुझ्या चमच्याने नाही. ते दुखणं काय होतं ते डॉक्टरांनी मला आधीच सांगितलं होतं, पेज दिली काय, न दिली काय, फरक पडणार नव्हता. आणि माती मरत नाही. तिला अजीर्ण झालंय. थांबलो की उतरेल."

"थांबायचं म्हणजे काय करायचं?"

हा प्रश्न त्यांना अपेक्षित होता, आणि वाळूच्या डब्याऐवजी त्याचंच उत्तर आधी शोधायला हवं होतं हेही त्यांना तेव्हा कळलं. ते म्हणाले, की पाणी देत राहायचं, तुझं तळं चालू दे. आणि इतके दिवस मातीला दिलं, आता तिच्याकडून घ्यायचं. मका लावू, सूर्यफुलं लावू, भोपळा लावू, खादाड झाडं सगळी. ती वाढली की मुळासकट उपटायची आणि बागेबाहेर न्यायची. जेवढं बाहेर जाईल तेवढी माती हलकी होईल.

ताईने चष्मा डोळ्यांवर ओढला आणि कागद हातात घेतला. शिफारशीचा रकाना तिने स्वतः एकदा वाचला. मग डोळे पुसले, कागद यंत्राच्या खणात ठेवला आणि चहाला उठली. वाळूचं काय करायचं असं दादांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, राहू दे, टाचण्या खोचायची उशी भरायला चांगली आहे, फार सुरेख गाळलीय.

त्यानंतरचं वर्ष सोपं गेलं असं नाही. अकरांपैकी सहा गुलाब उपटावे लागले. उपटताना ताई घरात जाऊन बसली. लिंबाची एक फांदी वाळली आणि ती कापावी लागली. शेजारीण रुसली, कारण तिच्या टरफलांचा अपमान झाला होता. तिची समजूत काढायला ताईने तिला दोन कुशन-कव्हरं शिवून दिली आणि मका तयार झाल्यावर पहिली कणसंही तिलाच नेऊन दिली. हाताचा चाळा सुटणं मात्र कठीण होतं. एका दुपारी दादांकडे फोन आला.

"मी चहाचा चोथा टाकला," ताई म्हणाली.

"किती?"

"एक भांडं."

"कुठे?"

"लिंबाखाली. काढलाय परत. सांगून ठेवावं म्हटलं."

सूर्यफुलं भिंतीच्या वर गेली. येणारे-जाणारे थांबून बघू लागले. भोपळे एवढे झाले, की बेकरीवाल्याने एक घेऊन दुकानाच्या फळीवर मांडून ठेवला आणि त्याबद्दल तो ताईला दर शनिवारी गरम पाव पाठवू लागला. देण्याची जी सवय मातीवर चालत नव्हती ती अशी गल्लीभर वाट काढू लागली. संध्याकाळी तिच्या हाताला काम नसलं की ती लिंबाजवळ खुर्ची टाकून बसे. सुरुवातीला तिला ते बसणं चोरी केल्यासारखं वाटायचं, असं तिने दादांना सांगितलं. भावोजी गेल्यापासून बागेत आपण कधी नुसतं बसलोच नव्हतो, फक्त वाकलो होतो, असंही म्हणाली.

वर्षाने माती पुन्हा तपासली. आकडे उतरले होते, पण हवे तितके नाही. शिफारस तीच. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस मातीचा नमुना ताईने स्वतः घेतला. दादा ओट्यावर बसून होते आणि त्यांना एकदाच बोलावं लागलं, तेही चकती जरा जाड निघाली म्हणून. तिने भोपळ्याचा पट्टा वेगळा घेतला, बाकीची बाग वेगळी. दोन पिशव्या, दोन चिठ्ठ्या.

या खेपेला बाईंनी अहवाल दिला तेव्हा त्या हसत होत्या. क्षार गेले होते. सामू अजून थोडा चढा होता, पण लिंबाला आता जमत होतं. नव्या पानांत हिरवा रंग भरला होता, त्याला तपासणीची गरज नव्हती. स्फुरद अजूनही भरपूर, त्याचं नाव पुढची पाच वर्षं काढायचं नव्हतं. भोपळ्याच्या पट्ट्यात मात्र नत्र, म्हणजे नायट्रोजन, कमी पडलं होतं. खादाड वेलांनी आपलं काम चोख केलं होतं. त्या पट्ट्यापुरती बाईंनी शिफारस केली होती: अगदी थोडं घालावं.

दादा तो कागद घेऊन ताईकडे गेले, आणि या वेळी वाटेत कुठे बसले नाहीत. वाटलं, ताई खूष होईल. पण ताईने अहवाल वाचला, चष्मा काढला आणि म्हणाली,

"नको."

"अगं, इथे घालायला हवं. वेल उपाशी राहतील."

"नको म्हणते ना. चांगलं चाललंय. मी एकदा घालायला लागले की मला कळत नाही कुठे थांबायचं."

दादांनी तिला समजावलं, की हा आकडा बघ, हा बाईंनी तपासलाय, मी नाही. तिने ऐकलं नाही. त्यांनी पुन्हा समजावलं. ती भोपळ्याच्या बिया मोजायला लागली. ज्या ताईला दोन वर्षं 'घालू नकोस' म्हणून विनवलं तिला आता 'घाल' म्हणून विनवायची वेळ आली, आणि याही वेळी ती ऐकेना. दादा शेवटी हसू लागले. त्यांच्या हसण्याने ताईलाही हसू फुटलं. ती हसता हसता म्हणाली, की बघ, मला कुणीच बरोबर वळणावर आणू शकलं नाही, तुझे भावोजीही नाही.

मग तिने पदराला हात पुसला आणि विचारलं, "थोडं म्हणजे किती?"

दादा म्हणाले, "तुझी मूठ. एक. पूर्ण पट्ट्याला."

"माझी मूठ लहान आहे."

"म्हणूनच तुझी सांगितली."

रोपवाटिकेतून आणलेली छोटी पुडी तिने उघडली, मूठ भरली, आणि पट्ट्याच्या कडेने हळूहळू चालत ती सोडत गेली. बोटांच्या फटीतून किती पडतंय याच्याकडे तिचं सारं लक्ष होतं, टीप घालताना असतं तसं. पट्टा संपला तेव्हा मुठीत थोडे दाणे उरले होते. ती क्षणभर थांबली, दादांकडे बघितलं, आणि उरलेले दाणे परत पुडीत टाकून पुडीचं तोंड घट्ट दुमडलं. हात धुतले. दादांनी झारीने वरून पाणी दिलं.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं."

"मग चल जेवायला. बसून राहायचं तर पोटभर जेवून बसू."

ती पुढे आत गेली. दादांनी खुरपी पुसून जागेवर ठेवली आणि ते तिच्या मागोमाग गेले.